पिंजरा उचलून नेला, भीतीचं काय?

आपल्या नगर जिल्ह्यात (आता कागदोपत्री अहिल्यानगर) बिबट्याच्या बातमीचा एक साचा ठरलेला आहे. अमुक शिवारात बिबट्याचा वावर, शेळी फस्त, ग्रामस्थांमध्ये भीतीचं वातावरण, पिंजरा लावण्याची मागणी. मग पिंजरा येतो. आठ-दहा दिवसांत बिबट्या अडकतो किंवा अडकत नाही. पिंजरा पुढच्या गावाला जातो आणि बातमी संपते. वीस वर्षं तालुक्याला पत्रकारिता करतोय, ‘भीतीचं वातावरण’ हे दोन शब्द किती वेळा टाईप केले त्याची मोजदाद नाही. आज त्याच दोन शब्दांवर लिहायचंय. भीती डोक्यात कुठं बसते, कशानं उतरते, कशानं उतरत नाही, आणि गांजाचा याच्याशी काय संबंध. पोस्ट लांबणार आहे. पण ज्यांच्या घरातलं माणूस रात्री पाणी भरायला जातं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात नगर आणि कोपरगाव तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. शेजारी शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाताना आपण पाहिले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या दुःखावर मी इथं बोलणार नाही. बोलतोय ते मागं राहिलेल्यांबद्दल. ज्यांना बिबट्याचं नखही लागलं नाही, पण ज्यांची झोप गेली.

आणि बिबट्या आता आपल्याकडून जाईल, हे डोक्यातून काढून टाकायला हवं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं. १९५० च्या सुमाराला लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि माळरानाचा ऊस झाला. बिबट्याला यापेक्षा काय हवं? लपायला दाट फड, प्यायला पाणी, खायला वस्तीवरची कुत्री. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अकोले तालुक्यातला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात अशा शेतीच्या खोऱ्यात, शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे त्यांना आढळले. बहुतेक वेळा माणसांच्या नजरेला न पडता ते तिथं राहत होते. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात आजही वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. शेजारी आहे हे धरून चालायची तिथली रीत जुनी आहे. आपल्या खालच्या बागायती पट्ट्याला ती सवय नाही.

म्हणजे बिबट्या राहणार, आपणही राहणार. मग प्रश्न उरतो तो भीतीचा.

माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. प्रवरेच्या काठाला वस्ती, चार एकर ऊस, दोन गाया. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत रात्री दीडच्या सुमाराला तो दारं धरायला गेला होता. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. बॅटरी फिरवली तर बांधावर पंधरा फुटांवर बिबट्या. बिबट्यानं याच्याकडं पाहिलं, याने बिबट्याकडं. मग तो शांतपणे उसात निघून गेला. घडलं एवढंच. ओरखडासुद्धा नाही.

पण त्यानंतर या माणसाची झोप गेली. कुत्रं भुंकलं की छाती धडधडायची. पाचट सळसळलं की घाम. स्टार्टरच्या पेटीपर्यंत जायचं म्हटलं तरी पाय जड व्हायचे. पुढं पुढं तर दिवसाही त्या बांधाला जाईना. बायकोवर, पोरांवर खेकसायचा. पारावरचे लोक हसायचे, गडी माणूस असून एवढा घाबरतो. कुणीतरी अंगाऱ्याचा सल्ला दिला. आणि एकानं चिलीम दिली. “दोन झुरके मार, मस्त झोप लागते.”

झोप लागली, हे खरं आहे. पहिला महिना-दीड महिना त्याला वाटलं, औषध सापडलं. मग दोनाचे पाच झाले. मग चिलमीशिवाय झोपच येईना. आणि एका रात्री जरा जास्त ओढला तर त्याला वाटलं, आता आपण मरतोय. हातपाय गार, श्वास पुरेना, उसातून कुणीतरी बघतंय असं सारखं म्हणायला लागला. भावजयीचा रात्री दोनला फोन आला, “भाऊजी, तुम्ही गाडी घेऊन या, यांना काय होतंय समजंना.” दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही गेलो त्यांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “चिलमीनं आधी बरं वाटायचं, आता वाईट का वाटतं, कधी विचार केला?” आणि मग म्हणाले, “गांजा ज्या कुलुपाला लागतो ते कुलूप तुमच्या मेंदूत जन्मापासून आहे. पण ते गांजासाठी नाही केलेलं.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिथून मी या विषयाचं मिळेल ते वाचायला लागलो. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो नेमका कोणता, हे १९६४ मध्ये इस्रायलच्या राफेल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शोधलं. मेशुलाम यांनी त्यासाठी पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो चरस मागून घेतला आणि तो पिशवीत घालून चक्क बसनं प्रयोगशाळेत आणला, हा किस्सा ते स्वतः सांगायचे. पण खरा प्रश्न पुढचा होता. झाडातलं हे रसायन माणसाच्या मेंदूत जाऊन बसतं कुठं? १९८८ ते १९९० च्या दरम्यान उत्तर मिळालं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी जागा असतात. त्यांना सीबी-१ म्हणतात. आणि त्या मेंदूत फार मोठ्या संख्येनं असतात.

आता बघा, निसर्गानं माणसाच्या मेंदूत कुलूप बसवलं ते चिलीम ओढण्यासाठी नक्कीच नाही. म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणार. ती १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेशुलाम यांच्याकडे काम करणाऱ्या विल्यम डिवेन आणि लुमीर हानुश यांना सापडली. तिला नाव दिलं आनंदामाइड. होय, आपला संस्कृत ‘आनंद’. तीन वर्षांनी दुसरी किल्ली सापडली, तिचं नाव टू-एजी. ही कुलपं, या किल्ल्या आणि काम झालं की किल्ली मोडून टाकणारी यंत्रणा, या सगळ्याला मिळून मेंदूची कॅनाबिनॉइड व्यवस्था म्हणतात.

ही व्यवस्था करते काय? कालव्यावरच्या माणसाला हे पटकन समजेल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो एका दिशेनं, वरून खाली, पाटाच्या पाण्यासारखा. आनंदामाइड आणि टू-एजी उलट जातात. खालचा शेतकरी वरच्या पाटकऱ्याला हाळी देतो ना, “पुरे झालं, दार खाली कर!” तसं. खालच्या पेशीला निरोपांचा पूर आला की ती तिथल्या तिथं ही रसायनं बनवते, ती मागं वरच्या पेशीकडं जातात आणि निरोपाचं दार थोडं खाली होतं. काम झालं की रसायन लगेच मोडून टाकलं जातं. साठवण नाही, कायमचा बंद नाही. गरज पडली तिथं, गरजेपुरतं.

मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. धोक्याची घंटा तिथं वाजते. ही घंटा वेळेवर वाजायला हवी आणि वेळेवर थांबायलाही हवी. थांबवण्याच्या कामात कॅनाबिनॉइड व्यवस्थेचा मोठा हात आहे.

याचा एक प्रयोग सांगतो. २००२ साली म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेतल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. उंदरांना एक आवाज ऐकवायचा आणि पायाला हलका विजेचा झटका द्यायचा. उंदीर आवाजाला घाबरायला शिकले. नंतर नुसता आवाज, झटका नाही, असं पुन्हा पुन्हा केलं. साधे उंदीर हळूहळू निवळले. आवाज आला तरी काही होत नाही, हे ते शिकले. पण ज्या उंदरांत सीबी-१ ची कुलपंच नव्हती, ते आवाज आला की थिजलेलेच राहिले. घाबरायला ते इतरांइतकंच शिकले होते. जमलं नाही ते भीती सोडायला. आणि साध्या उंदरांच्या अमिग्डालात, ते भीती सोडायला शिकत असतानाच, आनंदामाइड आणि टू-एजी वाढलेलं दिसलं.

मला वाटतं, या सगळ्या विषयात आपल्या गावांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. भीती सोडणं हे धाडसाचं काम नाही, ते शिकण्याचं काम आहे. मेंदू ते करतो, आणि त्याला त्यासाठी तीन गोष्टी लागतात. जागा पुन्हा बघायला मिळणं, तिथं पुन्हा पुन्हा काही वाईट न घडणं, आणि पुरेशी झोप. शिवाय जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो. म्हणून वर्षभर बरं असलेला माणूस एखादा व्हिडिओ पाहून पुन्हा पहिल्यासारखा होतो. त्याला ‘परत सुरू झालं याचं’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

माणसांवरचा पुरावाही आहे, आणि त्यातला एक दुर्दैवी आहे. २००६ मध्ये युरोपात वजन कमी करण्यासाठी रिमोनाबँट नावाची गोळी आली. गांजानं भूक लागते, मग तेच कुलूप बंद केलं तर भूक कमी होईल, असा हिशोब. भूक कमी झाली. पण लोकांना चिंता, नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २००७ मध्येच तिला नकार दिला होता. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपनं विक्री थांबवली. आपल्या देशातही ही गोळी विकली जात होती, डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून तिच्यावर बंदी घातली. धडधाकट माणसाची ही व्यवस्था बंद पाडली तर काय होतं, ते असं जगाला कळलं.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावेळी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जवळ असलेल्या लोकांच्या रक्ताची तपासणी पुढं झाली, तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. ज्यांच्या मनावरचा आघात वर्षानुवर्षं टिकून राहिला, त्यांच्यात टू-एजी कमी होतं. आधी कमी होतं म्हणून आघात टिकला, की आघातानं कमी झालं, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक गोष्ट दिसलेली आहे. ताण आला की अमिग्डालात आनंदामाइड मोडून टाकणारी यंत्रणा जोरात चालते आणि ते कमी पडतं. म्हणजे ज्या वेळी ते सगळ्यात जास्त हवं, नेमकं त्याच वेळी.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, मग गांजा ओढला की भरपाई झाली! माझ्या भावाला चिलीम देणाऱ्याचं म्हणणं हेच होतं. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण ‘नशा वाईट’ एवढं म्हणून पोरं ऐकत नाहीत.

पहिलं उत्तर पाटाचंच आहे. शरीर स्वतःचं आनंदामाइड वापरतं तेव्हा एका शेताचं एक दार जरा खाली होतं. चिलीम ओढली की सगळ्या कालव्यावरची दारं एकदम हलतात आणि कित्येक तास तशीच राहतात. भीती वाढवणाऱ्या पेशींवरही सीबी-१ असतं आणि भीती आवरणाऱ्या पेशींवरही असतं. त्यामुळं थोड्या मात्रेत भीती कमी होते, जास्त मात्रेत उलटी वाढते. शिकागोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे माणसांवर मोजलं. भाषण देण्यासारख्या ताणाच्या कामाआधी साडेसात मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांचा ताण कमी झाला. साडेबारा मिलिग्रॅम घेतलेल्यांची अस्वस्थता वाढली. फरक किती? पाच मिलिग्रॅम. आता मला सांगा, चिलमीला मीटर कुठं असतो? कोणत्या पुडीत किती टीएचसी आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भावाची ती रात्र ही या पाच मिलिग्रॅमचीच गोष्ट आहे.

दुसरं उत्तर. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा मेंदूच्या वरच्या थरात सीबी-१ च्या जागा कमी झालेल्या दिसल्या. बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःची कुलपं काढून ठेवतो. मग चिलीम नसेल त्या रात्री आपलं आनंदामाइडही पुरं पडत नाही. चिडचिड, झोप नाही, धडधड. माणसाला वाटतं जुनी भीती परत आली, म्हणून तो पुन्हा ओढतो. चांगली बातमी अशी की सुमारे चार आठवडे बंद ठेवल्यावर या जागा बऱ्याच भरून आल्याचं त्याच अभ्यासात दिसलं. ते चार आठवडे काढणं मात्र एकट्याचं काम नाही.

गांजा आपल्याकडं नवा नाही, हेही खरं. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये भांग-गांजा-चरसच्या चौकशीला आयोग नेमला होता. त्यानं ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि म्हटलं, माफक सेवनानं मनावर अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो. गांजाची बाजू घेणारे यातलं अर्धंच वाक्य सांगतात. आणि त्या आयोगासमोरचा प्रश्न वेगळा होता. आधीच घाबरलेल्या, झोप मोडलेल्या माणसानं ते औषध म्हणून रोज घ्यावं का, हा आपला प्रश्न आहे. त्याचं उत्तर नाही असंच आहे. विशीच्या आतल्या पोरांसाठी तर दुप्पट नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पुढं पंधरा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा तरुण वयात गांजा जास्त ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त निघालं. हा अहवाल १९८७ चा आहे.

मग भीती साफ घालवणारी गोळी नाही का निघत? प्रयत्न चालू आहेत. आनंदामाइड मोडणारी यंत्रणा थोडी हळू केली तर भीती विसरायला मदत होते का, हे माणसांवर तपासलं जातंय, थोडी आशाही दिसलीय. पण याच जातीच्या एका औषधाच्या चाचणीत फ्रान्सच्या रेन शहरात २०१६ च्या जानेवारीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. रस्ता सोपा नाही. आणि भीती शून्य झालेलं चांगलंही नसतं. स्कॉटलंडच्या जो कॅमेरॉन या बाईंच्या शरीरात जन्मतःच आनंदामाइड फार हळू मोडतं. त्यांना चिंता जवळजवळ होत नाही, वेदनाही होत नाहीत. २०१९ मध्ये त्यांच्यावरचा शोधनिबंध आला. हात भाजला तर जळल्याचा वास येईपर्यंत त्यांना कळत नाही. बिबट्याच्या मुलखात असा माणूस किती दिवस टिकेल? आपल्याला भीती हवी, पण बांधावर हवी. अंथरुणात नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. डॉक्टरांनी भावाला काय सांगितलं? चिलीम बंद. झोपेसाठी काही दिवसांपुरतं औषध. आणि रोज थोडं थोडं त्या बांधाला जायचं. आधी दिवसा, बायकोबरोबर. मग एकट्यानं. मग दिवेलागणीला दोघांनी. तिथं बसायचं, धडधड कमी होईपर्यंत उठायचं नाही. मेंदूला शिकू द्यायचं, की इथं दहा वेळा आलो, दहा वेळा काही झालं नाही.

तीन महिन्यांत बराच फरक पडला. पण एक पायरी येईना. रात्रीची. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “तिथं मी काय करू? दिवसा ती जागा सुरक्षित आहे, रात्री दोन वाजता एकट्यासाठी ती खरंच सुरक्षित नाही. मेंदूला खोटं कसं शिकवायचं?”

हे वाक्य मला वीज खात्याच्या, वनखात्याच्या आणि आरोग्य खात्याच्या एकत्र बैठकीत ऐकवावंसं वाटतं. कारण ही भीती नुसती डोक्यात नाही, ती वेळापत्रकात आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीची थ्री फेज लाइट दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत झोप मोडते. बिबट्या फिरतो त्याच वेळी माणूस उसात असतो. दोन-चार रात्री जातात, जरा सवय होते न होते तोच पुन्हा कुठून तरी बातमी येते. मेंदूला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी झोप आणि सुरक्षितपणा या दोन्ही आपण त्याच्याकडून काढून घेतो, आणि वर म्हणतो, लोक उगाच घाबरतात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. आपल्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. म्हणजे हे अशक्य नाही, आणि आपल्याला परकं तर अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच, की कोणत्या फीडरला दिवसाची वीज आधी द्यायची हे ठरवताना बिबट्याच्या नोंदींचा नकाशा समोर ठेवा. ज्या शिवारात पिंजरा लावायची वेळ येते, तिथली रात्रपाळी सगळ्यात आधी बंद करा.

दुसरं, पिंजऱ्याबरोबर समुपदेशक पाठवा. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर कुटुंबाला सरकारकडून २५ लाखांची मदत मिळते. ती मिळायलाच हवी. पण शेजारच्या दहा वस्त्यांवरच्या लेकरांची झोप गेली तर त्यासाठी आपल्या यंत्रणेत ओळच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आहे, २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क आहे. हल्ल्यानंतरच्या पंधरवड्यात एक माणूस शाळेत आणि एक माणूस वस्तीवर गेला, तरी पुढची बरीच चिलीम वाचेल.

तिसरं आपलं आपण करायचं. जुने आणि दुसऱ्या जिल्ह्यातले व्हिडिओ, एआयनं बनवलेले फोटो गावाच्या ग्रुपवर ढकलू नका. प्रत्येक खोट्या व्हिडिओनं कुणाच्या तरी डोक्यातली घंटा पुन्हा वाजते. रात्री जावंच लागलं तर दोघं जा. घाबरलेल्याला घाबरट म्हणू नका, त्याच्याबरोबर बांधापर्यंत जा. उपचार म्हणून तेही मोठं आहे.

आणि ज्यांच्या घरात कुणी भीतीपायी, झोपेपायी गांजाला लागलं असेल त्यांच्यासाठी. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावरच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहून ठेवा.

शेवटी एक काम सांगतो. या आठवड्यात तुमच्या शिवाराला शेतीची लाइट दिवसा आहे की रात्री, आणि गेल्या सहा महिन्यांत तिथं बिबट्या दिसलाय का, एवढं गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. माणसांची नावं नकोत. मी गावांची यादी करतो आणि तीनही खात्यांकडे लेखी देऊन पोच घेतो. पोच मिळाली की तिचा फोटो इथंच टाकीन.